फी माफ, पगार साफ!

लॉकडाऊनमध्ये शाळेची फी कमी झाली म्हणून आपण खूश झालो. पण तो डिस्काउंट नेमका कुणाच्या खिशातून आला, हे कुणी विचारलं का?

मागच्या शनिवारी आमची गँग कॅनॉटला जमली होती. आमच्या ग्रुपमध्ये दोन प्रकारचे लोक आहेत. एक, ज्यांचं अजून लग्नाचं बघणं चालू आहे आणि दोन, ज्यांचं पोराच्या नर्सरीचं बघणं चालू आहे. दुसऱ्या प्रकारातल्या एका जोडप्याने टेबलावर चार शाळांची माहितीपत्रकं पसरली होती. फीचे आकडे बघून मला वाटलं, हे इंजिनिअरिंगच्या चारही वर्षांचं पॅकेज असावं. तर नाही. ज्युनिअर केजी!

"कोविडमध्ये बरं होतं यार," आयटीवाला मित्र म्हणाला. "माझ्या भाचीच्या फीमध्ये डायरेक्ट पंधरा टक्के डिस्काउंट मिळाला होता."

त्या दिवशी माझी मावसबहीण माझ्यासोबत होती. आम्ही सगळे तिला ताई म्हणतो. ती तशी कमी बोलते. कॉफीचा मग खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "तो डिस्काउंट मी दिलाय."

सगळे हसले. ताई हसली नाही.

म्हणून यावेळचा कॉलम. वीकेंडला वाचायला थोडा जड आहे, पण बॉस, तुमच्या ईएमआयच्या यादीत लवकरच शाळेची फी येणार आहे. तेव्हा वाचाच.

ताईचं २०२०

ताई तेव्हा वाळूजच्या बाजूला एका छोट्या इंग्लिश मीडियम शाळेत दुसरीच्या वर्गाला शिकवायची. पगार महिना नऊ हजार. कंपनीत कंत्राटावर असलेल्या कामगारांची मुलं तिच्या वर्गात. आपलं शहर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद होतं आणि मी मास कॉमच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे स्वतःला मोठी पत्रकार समजण्याच्या वयात होते.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली. एप्रिलमध्ये निम्मा पगार आला. मेमध्ये "बघू". जूनपासून शून्य. शिकवणं मात्र बंद नाही हं! रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ, दुपारी वह्यांचे फोटो तपासणं, संध्याकाळी पालकांचे फोन. डेटा पॅक स्वतःचा, मोबाइल स्वतःचा आणि स्क्रीनला गेलेला तडासुद्धा स्वतःचा. जुलैत १० ते १८ तारखेला शहरात आणि वाळूजमध्ये पुन्हा कडक लॉकडाऊन लागला, तेव्हा तिच्या वर्गातली निम्मी मुलं गावाला निघून गेली होती. कुणी परभणी, कुणी बीड, कुणी थेट बिहार.

दिवाळीत ताईने फराळाच्या ऑर्डर घेतल्या. चकली, शंकरपाळे, अनारसे. डिलिव्हरी मी स्कूटीवर केली. एका घरी दार उघडलं तर समोर तिच्याच वर्गातल्या मुलाची आई! दोघींनाही काय बोलावं सुचेना. शेवटी त्या बाई म्हणाल्या, "टीचर, फी द्यायची राहिलीय हो. यांचं काम सुटलंय." ताई म्हणाली, "राहू द्या. चकली घ्या."

आता सांगा, यात व्हिलन कोण? पालकांकडे खरंच पैसे नव्हते. संस्थाचालकांचं म्हणाल, तर ती भाड्याच्या इमारतीतली शाळा. फी आली नाही, तर पगार कुठून देणार? (काही बड्या शाळांनी याच काळात फी पूर्ण घेतली आणि पगार निम्मे दिले, हेही खरं. त्यांच्यावर पुन्हा कधीतरी.) म्हणजे ज्याला विचाराल तो बरोबर, आणि तरी सात महिने एका बाईला एक रुपया मिळाला नाही.

यादीत नाव आहे का?

१३ एप्रिल २०२१ ची रात्र. दुसरी लाट. मुख्यमंत्री उद्धव ठाकरे टीव्हीवर आले. कडक निर्बंध जाहीर झाले आणि त्यासोबत सुमारे ५,४०० कोटींचं मदतीचं पॅकेजही. परवानाधारक रिक्षाचालकांना १,५०० रुपये. नोंदणीकृत बांधकाम मजुरांना १,५००. घरकाम करणाऱ्या बायकांना, फेरीवाल्यांना १,५००. आदिवासी कुटुंबांना २,००० ची खावटी.

ताई कागद-पेन घेऊन बसली होती. यादी संपली. तिने पेनाचं टोपण लावलं. "गल्लीतल्या रिक्षावाल्या काकांना मिळतील, चांगलं झालं," एवढंच म्हणाली.

आता गंमत बघा. बरोबर पाच दिवस आधी, ८ एप्रिलला, शेजारच्या तेलंगणात के. चंद्रशेखर राव यांच्या सरकारने एक घोषणा केली होती. मान्यताप्राप्त खासगी शाळांमधल्या शिक्षकांना आणि इतर कर्मचाऱ्यांना शाळा उघडेपर्यंत दरमहा २,००० रुपये आणि रेशन दुकानातून २५ किलो तांदूळ, फुकट. पैसे शाळेच्या खात्यात नाही, थेट शिक्षकाच्या खात्यात. त्याच महिन्यात वाटप सुरूही झालं.

दोन हजारांत काय होतं, असं म्हणाल. तिथेही तशी टीका झालीच. पण २५ किलो तांदूळ म्हणजे चौघांच्या घरचा महिन्याचा भात. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सरकारच्या यादीत "खासगी शाळेतला शिक्षक" नावाचा एक माणूस पहिल्यांदा दिसला.

आपल्या मराठवाड्यातले कितीतरी लोक पोरांना पाटीपूजेसाठी बासरच्या सरस्वतीला नेतात. ते बासर तेलंगणात. अलीकडचं धर्माबाद नांदेड जिल्ह्यात, म्हणजे महाराष्ट्रात. मध्ये जेमतेम काही किलोमीटर. सीमेच्या त्या बाजूच्या टीचरला तांदूळ मिळाला, या बाजूच्या टीचरला पंधरा टक्क्यांचा जीआर. सरस्वती एकच, सरकारं दोन!

अमेरिकेत तरी काय झालं?

आपल्याला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर अमेरिकेत शोधायची सवय आहे. चला, तिथेही डोकावू.

मार्च २०२० मध्ये तिथे केअर्स नावाचा मोठा मदत कायदा झाला. त्यात शाळांसाठी पैसे होते, आणि लगेच भांडण सुरू झालं की खासगी शाळांचा वाटा कसा मोजायचा? शाळेतल्या गरीब मुलांच्या संख्येवर की सगळ्याच मुलांच्या? तेव्हाच्या शिक्षणमंत्री बेट्सी डेव्होस यांचा कल सगळ्या मुलांकडे. म्हणजे श्रीमंत शाळांनाही भरघोस वाटा. प्रकरण कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला.

त्याच वेळी छोट्या उद्योगांसाठी पगार देता यावेत म्हणून एक कर्ज योजना होती. नियम पाळले तर कर्ज माफ. त्याच्या रांगेत पुढे कोण उभं? वॉशिंग्टनमधली सिडवेल फ्रेंड्स ही शाळा, जिथे ओबामांच्या मुली शिकल्या. तिला सुमारे ५२ लाख डॉलर मिळाले. केवढी बोंबाबोंब झाली! कारण साधं आहे. ज्याच्याकडे चांगला सीए आणि ओळखीची बँक असते, त्याचा फॉर्म आधी भरला जातो. हे अमेरिकेत असो की अदालत रोडवर.

मग डिसेंबर २०२० मध्ये त्यांनी शहाणपणा केला. खासगी शाळांसाठी वेगळे २७५ कोटी डॉलर काढले आणि मार्च २०२१ मध्ये पुन्हा तेवढेच. पण अटी घातल्या. पैसे राज्याच्या शिक्षण खात्याकडे राहणार. शाळेला हवं ते, म्हणजे मास्क, सॅनिटायझर, लॅपटॉप, मुलांचं राहिलेलं शिक्षण भरून काढण्यासाठी मदत, हे खात्यामार्फत मिळणार. वस्तूंची मालकीसुद्धा सरकारचीच. हा लाभ घ्यायचा, तर ती माफ होणारी कर्जं पुन्हा मागायची नाहीत. गरीब मुलं जास्त असलेल्या शाळांना प्राधान्य. दुसऱ्या वेळी तर अट आणखी कडक केली: गरीब मुलांचं प्रमाण लक्षणीय असेल तरच या, आणि त्यासाठी साधारण ४० टक्क्यांची रेघ.

सगळं छान झालं का? नाही. फॉर्म एवढे किचकट, की छोट्या शाळांना ते भरायला माणूस नाही. पण मुद्दा लक्षात घ्या. त्यांनी आधी चुका केल्या, भांडले, कोर्टात गेले आणि मग "पैसे द्यायचे का" यावरून "पैसे कुठल्या रस्त्याने द्यायचे" या प्रश्नावर आले. आपण त्या प्रश्नापर्यंत पोचलोच नाही.

नॅपकिनवरचं गणित

आपल्याकडे झालं ते असं. ८ मे २०२० ला राज्य सरकारने आदेश काढला की यंदा फी वाढवू नका, हप्त्यांनी घ्या. जूनमध्ये हायकोर्टाने त्याला स्थगिती दिली. ३ मे २०२१ ला राजस्थानातल्या खासगी शाळांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळा बंद होत्या, वीज-पाणी-डिझेल वाचलं, तेव्हा २०२०-२१ च्या फीमध्ये १५ टक्के सूट द्या, आणि फी राहिली म्हणून मुलाचं नाव काढू नका. त्याचा आधार घेऊन आपल्या सरकारने १२ ऑगस्ट २०२१ ला जीआर काढला: २०२१-२२ च्या फीमध्ये १५ टक्के कपात. त्यालाही आव्हान मिळालंच.

कोर्टाचं म्हणणं चूक नव्हतं. ज्या शाळेत एसी, स्विमिंग पूल आणि चाळीस बस आहेत, तिचं १५ टक्के सहज वाचलं असेल. पण ताईच्या शाळेत काय वाचलं? सहा पंखे आणि एक बोअरची मोटर!

आता दुसरा हिशोब. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेला सुरुवातीच्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित घरातल्या मुलांना द्याव्या लागतात. त्यांची फी सरकार शाळेला देतं. महाराष्ट्रात हा दर होता मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये. कोविड आला, शाळा ऑनलाइन झाल्या आणि २०२०-२१ साठी सरकारने तो केला ८,००० रुपये! म्हणजे मदत द्यायची सोडा, जे द्यायचं ठरलं होतं त्याचं निम्म्यापेक्षा खाली आणलं. तेही आधीच्या वर्षांची थकबाकी बाकी असताना.

कॅनॉटच्या टेबलावर आम्ही नॅपकिनवर गणित मांडलं. समजा, एक छोटी शाळा. मुलं ३००. त्यातली ४० या पंचवीस टक्क्यांतली. बाकी २६० मुलांची फी वर्षाला १८,०००.

पंधरा टक्के सूट म्हणजे मुलामागे २,७०० रुपये. गुणिले २६०. झाले ७ लाख २ हजार.

सरकारी दर १७,६७० वरून ८,००० वर आला. फरक ९,६७०. गुणिले ४०. झाले ३ लाख ८६ हजार ८००.

बेरीज जवळपास ११ लाख. नऊ हजार पगाराच्या टीचरचा वर्षाचा पगार १ लाख ८ हजार. म्हणजे दहा टीचर! या दोन वेगवेगळ्या वर्षांच्या कपाती आहेत, शिवाय ज्यांनी फी भरलीच नाही ते यात धरलेलेच नाहीत. आयटीवाला मित्र नॅपकिनकडे बघत राहिला. एक्सेलमध्ये एवढं स्पष्ट दिसलं नसतं म्हणाला.

फी कमी करू नये, असं मी म्हणत नाही. वाळूजच्या त्या आईला सूट नव्हे, माफीच हवी होती. पण सरकार जेव्हा स्वतःच्या तिजोरीला हात न लावता "सूट द्या" म्हणतं, तेव्हा ती मदत नसते. ती एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात टाकणं असतं. आणि साखळीत सगळ्यात शेवटी ज्याचा खिसा असतो, तोच रिकामा होतो.

कर्ज काढा की!

"केंद्राचं वीस लाख कोटींचं पॅकेज होतं ना?" कुणीतरी विचारलं. होतं. मे २०२० मध्ये जाहीर झालं. त्यात तारण न ठेवता तीन लाख कोटींच्या कर्जाची सोय होती आणि ट्रस्टनाही ती घेता येत होती. पण अट अशी, की २९ फेब्रुवारी २०२० ला तुमचं आधीचं कर्ज चालू हवं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत नवं मिळेल. ज्याने कधी बँकेचं कर्जच घेतलं नाही, त्याला काय? २० टक्के गुणिले शून्य! आणि ज्याला मिळालं, त्याने ते पगारावर खर्च करावं अशी सक्ती कुठे होती?

खरी अडचण मला वाटते ती इथे. आपल्याकडे खासगी शाळा म्हटलं, की डोळ्यांसमोर काचेची इमारत येते. पण पुंडलिकनगर, मुकुंदवाडी, रांजणगाव शेणपुंजी इथे गल्लोगल्ली ज्या शाळा आहेत, त्याही खासगीच. दोघींना एकच नियम लावला, की मोठी निभावून नेते आणि छोटीचा बळी जातो. अनुदानित शाळेतल्या गुरुजींचा पगार सरकारकडून होतो. विनाअनुदानितवाले वर्षानुवर्षं आंदोलनं करतायत. ४ ऑक्टोबर २०१६ ला मंत्रिमंडळाची बैठक आपल्या शहरात होती, तेव्हा मोर्चा काढणाऱ्या शिक्षकांवर लाठ्या चालल्या होत्या, आठवतंय? आणि ताईसारख्या स्वयंअर्थसहाय्यित शाळेतल्या टीचर तर मोर्च्यातही नसतात. मोर्चाला गेलं तर त्या दिवसाचा पगार कापला जातो.

कायदा नाही असंही नाही. खासगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ पासून आहे. पण ताईकडे नेमणुकीचं पत्रच नव्हतं. पगार पाकिटातून मिळायचा. उद्या सरकारने तेलंगणासारखी योजना आणली असती, तरी "मी इथे शिकवते" हे तिने कशाने सिद्ध केलं असतं? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या नावाने? म्हणजे फक्त सरकारची यादी कच्ची नव्हती, शाळेचं रजिस्टरही कच्चंच होतं.

मग आता काय?

कोविड गेला, प्रश्न गेला नाही. शिक्षण हक्क प्रवेशांचे पैसे थकल्याची शाळांची तक्रार अजून चालूच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने वेगळीच शक्कल काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. म्हणजे मुलंच नकोत, मग पैसेही नकोत! जुलै २०२४ मध्ये हायकोर्टाने तो नियम रद्द केला. मुलांच्या जागा वाचल्या. पण पैशांचं गाडं तिथेच.

पुढचं संकट कुठलं येईल माहीत नाही. तेव्हा मदत वाटायची झाली, तर तीन गोष्टी आजच हव्यात. एक, प्रत्येक खासगी शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याचं नाव आणि बँक खातं सरकारी नोंदीत. दोन, मदत फीच्या आकड्यावर नाही, गरीब मुलांच्या आकड्यावर. तीन, शाळेला पैसे दिले, तर आधी पगार, मग रंगरंगोटी. यात रॉकेट सायन्स काहीच नाही. सीमेच्या पलीकडे झालेलं आहे.

आणि आपल्या हातात काय? आहे ना! राज्याच्या फी नियंत्रण कायद्याप्रमाणे प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो. त्याच्या कार्यकारी समितीपुढे शाळेला फीचा प्रस्ताव ठेवावा लागतो. समितीत पालक येतात ते चिठ्ठ्या टाकून. म्हणजे उद्या तुमचंही नाव निघू शकतं. आपण तिथे जाऊन काय विचारतो? गॅदरिंग कधी आणि युनिफॉर्म कुठल्या दुकानातून.

ताई आज गारखेड्यातल्या दुसऱ्या एका शाळेत आहे. पगार बरा आहे, खात्यात जमा होतो, नेमणुकीचं पत्रही आहे. जुने सात महिने मात्र बुडाले ते बुडालेच. त्या शाळेने नंतर दार बंद केलं. मागणार कुणाकडे?

निघताना त्या जोडप्याने तिला विचारलं, "ताई, तुम्ही याच लाइनमध्ये आहात. यातली कुठली शाळा घेऊ?"

ताईने चारही माहितीपत्रकं चाळली. एसी क्लासरूम, रोबोटिक्स लॅब, हॉर्स रायडिंग. मग ती म्हणाली, "फी किती ते सगळेच विचारतात. शिकवणाऱ्या बाईला किती देता आणि वेळेवर देता का, ते विचारा. जी शाळा न चिडता उत्तर देईल, ती घ्या."

सोमवारी त्यांनी चारही शाळांना फोन केला. तीन शाळांनी विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?"

चौथीत फॉर्म भरलाय.